तरंग धरणाऱ्या हातातलं घड्याळ

कट्टा गावच्या बाजारात एसटी थांबते, तिथून चार दुकानं सोडून माझं औषधांचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक गोळ्या घेऊन सरळ घरी जात नाही. काउंटरवर कोपर टेकतं आणि विचारतं, "दत्ता, ता हाताक बांधूचा स्मार्ट घड्याळ घेव काय रे? काय उपेग होता?" मी प्रेशर मोजायचं यंत्र विकतो, म्हणजे मला या घड्याळातलंही कळत असणार, असा लोकांचा समज. मी मुळात संशयी माणूस. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला तसं असावंच लागतं. पाकिटावरची तारीख मी कंपनीच्या माणसादेखत दोनदा वाचतो, आणि चिठ्ठीवरची डॉक्टरची सही उजेडात धरून बघतो. म्हणून मी म्हणतो, "घे, पण आधी आमच्या बाबलीकाकांचा काय झाला ता ऐक." निम्मे लोक एसटी आली म्हणून पळतात. उरलेले ऐकतात आणि दुसऱ्याला सांगताना त्यात आपल्या पदरचं घालतात. तेव्हा खरं काय घडलं ते एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

बाबलीकाका आमच्या वाडीतले. थोडी भातशेती, मागच्या डोंगराला काजू, घराजवळ आंब्याची काही कलमं आणि एक खट्याळ म्हैस. अंगाने सडसडीत, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या पायांकडे बघायची सवय. माणसांशी खोटं बोलायला त्यांना काडीचंही वाटत नसे. काकींना सांगत विडी सोडली, आणि माझ्या दुकानामागे उभे राहून ओढत. शेजाऱ्याला सांगत कोयता हरवला, आणि कोयता त्यांच्याच कुडाच्या भिंतीला लटकलेला असे. पकडले गेले की हसत. त्या हसण्यामुळे लोक त्यांना माफ करत, मीसुद्धा.

पण दसरा जवळ आला की हा माणूस बदलायचा. आमच्या गावात रवळनाथाचं तरंग आहे. तरंग म्हणजे एक उंच काठी, तिच्यावर लुगड्यांच्या निऱ्यांचे थर बांधलेले आणि वर देवाचा मुखवटा. वजन असं की धट्ट्याकट्ट्या माणसाचेही खांदे भरून येतात. दसऱ्याला ते देवळातून बाहेर काढतात. ढोल वाजू लागला की तरंग धरणाऱ्याच्या अंगात देवाचा अवसार येतो, आणि मग गावातले लोक त्याला आपापल्या अडचणी विचारतात. हे तरंग धरायचा मान बाबलीकाकांच्या घराण्यात. वडील थकले तेव्हा काकांना मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, तेव्हापासून ते धरत आलेले. दसऱ्याआधी ते विडीला शिवत नसत, खरोखरच. चटईवर झोपत आणि कुणाशी वावगं बोलत नसत. अवसारात काय बोललात असं नंतर विचारलं तर म्हणत, "माका काय म्हायत? बोलणारो येगळो."

माझा यावर विश्वास होता का? मी लांबून हात जोडायचो, आणि काकांच्या कपाळावर दिसतो तो घाम की गुरवाने शिंपडलेलं तीर्थ, तेही बघून घ्यायचो. माझा स्वभावच तसा, त्याला देव तरी काय करणार.

गेल्याच्या गेल्या वर्षी भाताच्या लावणीत काका चिखलात बसले ते उठेचनात. सत्यवतीकाकी त्यांना रिक्षात घालून कुडाळला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. परत येताना चिठ्ठी घेऊन दोघं माझ्या दुकानात आली. चिठ्ठी बघूनच माझ्या लक्षात आलं. हृदय जपून चालावं, उगाच धावू नये, यासाठीची गोळी होती ती. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही, अंगाला हिसका बसेल असं काही करायचं नाही, असं बजावलं होतं.

"तरंग?" मी विचारलं.

काकांनी माझ्या चपलांकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "दत्ता, ह्या कोणाकडे बोलशीत तर तुका रवळनाथाची आण आसा." आमच्याकडे रिवाज आहे, अधू माणसाच्या हातात देव देत नाहीत. काळजाचं दुखणं आहे असं कळलं असतं तर मानकऱ्यांनी त्याच दिवशी काकांकडून मान काढून घेतला असता. मी काकींना म्हटलं, "तुमी तरी तेंका समजवा." त्या म्हणाल्या, "समजवून दमलंय. तरंग काढून घेतला तर ह्यो माणूस दुखण्यान नाय, तेच्यानच मरतलो." मी आण घेतली. गोळ्या मीच द्यायचो, वर्तमानपत्रात गुंडाळून.

त्यांचा एकुलता मुलगा विनीत मुंबईला एका ऑफिसात आहे. वाडीतल्या कुणीतरी त्याला फोनवर सांगितलं, तुझो बापूस मळ्यात बसलो तो उठेना. त्याने विचारल्यावर काका म्हणाले, "पाय घसरलो रे." विनीत माझ्याहून संशयी निघाला. चतुर्थीला घरी आला तो बापासाठी ते घड्याळ घेऊनच. काकांच्या फोनला ते जोडून दिलं आणि असं काही करून ठेवलं की काकांची नाडी, झोप, चालणं सगळं त्याला मुंबईत बसून दिसावं.

वाडीत लगेच कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, मुलग्याला बापाची काळजी. कोणी म्हणालं, काळजी कसली, बाप किती टिकतो ते बघून कलमं विकायची आहेत. सत्यवतीकाकींना वेगळाच संशय. त्यांना वाटायचं, त्या घड्याळातून सून ऐकते. दीपिकाबद्दल, म्हणजे सुनेबद्दल, शेजारणीशी काही बोलायचं झालं की त्या आधी घड्याळ काढून घ्यायच्या, तांदळाच्या डब्यात खुपसायच्या, झाकण लावायच्या आणि मगच तोंड उघडायच्या.

घड्याळाचंही डोकं अजबच. काका दुपारपर्यंत गवत कापून येऊन जरा पडवीत टेकले की ते थरथरायचं आणि उठा, थोडं चाला म्हणायचं. एकदा काकींनी ते हातात बांधून सोलकढीसाठी नारळ खोवले, तर घड्याळाने ते चालणं म्हणून मांडलं. मुंबईहून फोन आला, "बाबा, आज छान चाललात!" काका म्हणाले, "व्हय तर, पार दर्याकडे देवबागापर्यंत जावन इलंय." आणि मळ्याच्या बांधावर नुसते बसून राहिले, तर ते झोपले असं दाखवायचं. एक गोष्ट मात्र काकांना पटली. घड्याळाच्या उजेडात खुराड्यातल्या कोंबड्या मोजता यायच्या. मी मनात म्हटलं, डोंगर पोखरून उंदीर निघाला तो हा.

दसऱ्याला विनीत पुन्हा आला. तरंग धरताना काका उघड्या अंगाने, फक्त धोतर नेसतात, अंगावर चामडं चालत नाही. विनीतने हट्ट धरला, "बाबा, तेवढं घड्याळ हातात असू द्या. मला बाकी काही नको." गुरव कुरकुरला. मग मानकऱ्यांत चर्चा झाली की पट्टा रबराचा आहे, चामड्याचा नाही, तेव्हा हरकत नसावी. मला वाटलं काका नाही म्हणतील. पण नाही म्हटलं असतं तर मुलाला संशय आला असता, आणि खाई त्याला खवखवे. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला.

ढोल वाजू लागला. तरंग देवळाच्या पायऱ्या उतरून खाली आलं. काकांचे पाय आधी थरथरले, मग खांदे, मग वरचा मुखवटा हलायला लागला. डोळे लाल, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, आणि घाम, खराखुरा. मी सारखा काकींकडे बघत होतो. त्या पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या होत्या.

माझ्या शेजारी विनीत, त्याच्या हातात बापाचा फोन. त्यावर काकांची नाडी दिसत होती. त्या पोराच्या जिवात जीव आला होता. "दत्ताकाका, बघा! एवढं सगळं चाललंय आणि ऐंशीसुद्धा नाही. माझ्या बाबांचं हृदय लोखंडाचं आहे." आणि अभिमानाने त्याने तो फोन पलीकडे उभ्या असलेल्या भाईला दाखवला.

भाई म्हणजे काकांचा चुलतभाऊ. विनीतला काही तरंगात रस नव्हता, तेव्हा काकांनंतर मान भाईकडे जाणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्याच दिवशी गंमत म्हणून भाईने ते घड्याळ हातात बांधून देवळामागची घाटी चढून बघितली होती, आणि त्याची नाडी चांगली दीडशेच्या घरात गेली होती. त्याने फोनकडे बघितलं, काकांकडे बघितलं, पुन्हा फोनकडे.

"माका घाटी चढताना इतक्या दाखयलान," भाई म्हणाला, "आणि ह्येच्या अंगात देव इलो तरी ह्येचा काळीज निजलेल्या माणसासारख्या? मगे अंगात कोण इलो रे?"

तो हळू बोलला असता तर कदाचित तिथल्या तिथे मिटलं असतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. शेजारच्या चार जणांनी ऐकलं, आणि सोनं लुटून लोक घरी पोचेपर्यंत साऱ्या वाड्यांत झालं की बाबली सोंग करता, घड्याळान पकडलो.

विनीतचं तोंड उतरलं. मला म्हणाला, "मी असं काही म्हटलं नव्हतं." मला त्या पोराची कीव आली, आणि रागही आला. नाडीचा आकडा त्याला कळला होता. त्या आकड्याचा अर्थ मात्र मलाच माहीत होता, आणि माझं तोंड आणेने बांधलेलं.

पुढचे दिवस वाईट गेले. दुकानात जो तो मलाच विचारी, "तू मेडिकलवालो, तू सांग. घड्याळ चुकता काय?" मी म्हणे, "हात थरथरत आसतानाचा काय खरा धरतास?" पण ते उत्तर मलाच पटत नव्हतं, लोकांना कुठून पटणार? एक दिवस शेवंती आली. तिचं आणि तिच्या भावाचं वडिलांच्या घरावरून भांडण होतं. एका दसऱ्याला अवसारात काका म्हणाले होते, सोडून दे, आणि तिने कोर्टातला दावा काढून घेतला होता. काउंटरवर हात आपटून म्हणाली, "देवान सांगलान म्हणान मी गप रवलंय. आता लोक म्हणतत ता देवान नाय, बाबलीन सांगलान. तेका माझ्या भावान काय चारल्यान होता काय?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणेवर चिडून मी तिला तिच्या गुडघ्याचं मलम दिलं आणि जायला सांगितलं.

त्याच आठवड्यात काका आले. दुकान रिकामं होतं. विडी ओढायला मागे गेले नाहीत, हसले नाहीत. बाकावर बसले.

"दत्ता, एक इचारू? ती गोळी खाल्ल्यार देव येवचो बंद होता काय रे?"

मला प्रश्नच कळला नाही आधी. मग कळला. गावाने संशय घेतला तो घेतला, या माणसाने स्वतःवरही घेतला होता.

"माका अवसारातला काय आठवणा नाय," ते म्हणाले. "इतकी वर्सां मी म्हणतंय, बोलणारो येगळो. आता वाटता, येगळो कोण नसलो तर? मीच बडबडत असलंय तर? शेवंती माझ्या दारात येवन रडान गेली. तिका मी काय सांगू?"

मी गोळीचं पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं, की ही गोळी हृदयाला लगाम घालते. माणूस घाटी चढो, भिवो, नाहीतर त्याच्या अंगात देव येवो, हृदय पूर्वीसारखं धावत नाही. घड्याळाने जे दाखवलं ते गोळीचं काम होतं. त्यावरून देव आला की नाही आला, काहीच ठरत नाही.

काकांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं आणि मीही सुटलो.

"मगे सांगून टाकया," मी म्हटलं. "माझी आण सोडवा. मी भर बाजारात सांगतंय."

"आणि मगे?" काका म्हणाले. "सांगलंय तर तरंग गेला. नाय सांगलंय तर अब्रू गेली. खंयचा सोडू, तूच सांग."

इकडे आड तिकडे विहीर. मला वाटलं होतं ते नेहमीसारखं काहीतरी खोटं रचतील आणि हसत बाहेर पडतील. पण तसं काही केलं नाही. उठून निघून गेले.

भाई स्वस्थ बसणारा नव्हता. जत्रेआधी मानकऱ्यांची बैठक असते, तिथे त्याने मागणी केली की देवाचा कौल घ्यावा. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निकाल असाच लागतो. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला प्रश्न विचारतात आणि जी पाकळी आधी पडेल ते देवाचं उत्तर. कुणाची जमीन कुठवर, विहीर कुठे खणायची, लग्न ठरवायचं की नाही, सगळं असं विचारतात. या वेळचा प्रश्न ठरला तो ऐकून मी कपाळावर हात मारला. घड्याळ खरा की बाबली खरो? कारखान्यात तयार झालेल्या यंत्राचं रवळनाथाला विचारायला निघालेलं गाव जगात आमचंच असेल.

ठरल्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. विनीत रजा काढून आला होता, खांबाला टेकून उभा. केळीच्या पानावर ते घड्याळ ठेवलं होतं. गुरवाच्या हातून त्याच्यावर कुंकू सांडलं तर त्याने ते फुंकून टाकलं, एखादं देवाचं भांडं साफ करावं तसं. उजवी पाकळी बाबलीची, डावी घड्याळाची. मुख्य मानकऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकरांच्या मनात किंतू इलो आसा..." सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." "ज्या खरा आसात ता तू दाखव, आणि किंतू काढून टाक..." "व्हय म्हाराजा."

कौलाच्या वेळी माणसं श्वाससुद्धा जपून घेतात. मी पुढेच उभा होतो, म्हणून मला दिसलं. उजव्या पाकळीची खालची कड सुटली होती. ओल सुकत चालली होती आणि पाकळी हळूहळू वाकत होती. भाईनेही ते बघितलं, त्याचा चेहरा आक्रसला. आणखी थोडा वेळ गेला असता की पाकळी पडली असती, बाबली खरा ठरला असता, तरंग त्याच्याकडेच राहिलं असतं, आणि गोळ्यांचं गुपित माझ्या दुकानातच राहिलं असतं. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यभर ज्याने विडी आणि कोयता लपवला त्याला हे जड नव्हतं. मी मनात म्हणत होतो, गप बसा, काका, गप बसा.

"थांबा," काका म्हणाले.

गुरव दचकला. कौल लागलेला असताना मध्ये कुणी बोलत नाही.

"देवाक कित्याक इचारतास?" काका पाषाणासमोर आले. "ज्या माका म्हायत आसा, ता तेच्या तोंडातून काढूचा नाय. घड्याळ खोटा नाय. माझ्या काळजाक दुखणा आसा. गोळी खातंय. ती गोळी खाल्ल्यार काळीज धावणा नाय, म्हणान घड्याळान तसा दाखयलान. ह्या मी तुमच्यापासून लपयलंय, आणि लपवून तरंग धरलंय. दत्ताक इचारा."

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. मी होकाराची मान हलवली.

"बाबा," विनीत पुढे आला, "मला का नाही सांगितलंत? मी हे घड्याळ कशासाठी आणलं होतं?"

उत्तर काकींनी दिलं, आणि अख्ख्या देवळासमोर दिलं. "तू फोनार बघी होतंस रे. हंय येवन तेच्या तोंडाकडे बघलं असतंस, तर तुका घड्याळ लागला नसता." विनीत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मला वाटतं काकी जरा जास्तच बोलल्या. काळजी त्या पोरालाही होती. पण मी त्यांना तसं कधी म्हटलं नाही.

मुख्य मानकरी खाली बघत होते. तरंगाचं काय, हे ठरायचं राहिलं होतं. शेवटी काकांनीच सांगितलं. "अधू माणसाच्या हातात देव देवचो नाय, ह्यो रिवाज बापाशीन माका शिकयलो. तो मीच मोडलंय. आजपासून तरंग माझ्याकडे नाय." विनीतकडे एकदा बघितलं. विनीतने नकाराची मान हलवली. त्याला ते जमणार नव्हतं आणि देवासमोर त्याने खोटं होय म्हटलं नाही, एवढं बापाचं घेतलं म्हणायचं. मग काका भाईकडे बघून म्हणाले, "मगे तूच." भाईला हेच हवं होतं असं सगळं गाव म्हणे, मीही म्हणायचो. पण त्या वेळी तो खुशीत दिसला नाही. पुढे येऊन काकांच्या पाया पडला. खरं मनापासून की लोकांसाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रश्नच उरला नव्हता, तेव्हा गुरवाने दोन्ही पाकळ्या हाताने काढून घेतल्या.

बाहेर शेवंती उभी होती. तिने काकांच्या हातातली पिशवी घेतली आणि घरापर्यंत पोचवून आली. दावा तिने पुन्हा घातला नाही.

त्यानंतर काकी एकदा दुकानात एकट्या आल्या. म्हणाल्या, "दत्ता, खरा सांगू? त्या दिवशी माका बरा वाटला. तरंग गेला आणि माझो घोव माझ्याकडे रवलो. आसा वाटल्याची माका लाज वाटता." मी म्हटलं, लाज कसली. त्या तरीही डोळे पुसत गेल्या.

घड्याळ काका आता उघडपणे बांधतात. कुडाळच्या डॉक्टरांना ते दाखवतात, विनीत फोन करून आकडे विचारण्याऐवजी जेवलात का विचारतो, आणि महिन्याआड स्वतः येतो. लपवायचं काही उरलेलं नाही तेव्हा हे यंत्र थोडंफार उपयोगी पडतं, एवढं मी मान्य करतो. त्याहून जास्त नाही.

आता राहिला त्यापुढचा, म्हणजे गेल्या वर्षीचा दसरा. काका घरीच राहतील असं मला वाटलं होतं. पण आले. आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, अंगात सदरा घालून माझ्या शेजारी गर्दीत उभे राहिले. तरंगाच्या निऱ्या त्यांनीच पहाटे भाईला बांधून दिल्या होत्या, काठीला कुठे धरायचं, वजन कुठल्या खांद्यावर घ्यायचं ते दाखवलं होतं. ढोलकऱ्याने कातडं चाचपून बघितलं. मुख्य मानकरी पायरीवर उभे राहिले. तरंग धरणाऱ्याला नावाने हाक मारून बोलावतात, तसा रिवाज. त्यांनी हात वर केला आणि तोंडात बसलेलं तेच नाव आलं.

"रवळनाथाच्या तरंगाक बाबली, पुढे ये!"

काकांचं पाऊल पुढे पडलं. मी त्यांच्या शेजारीच होतो, त्यांनी विचार करून ते टाकलं नव्हतं. मानकऱ्यांच्या लक्षात आलं, त्यांनी जीभ चावली. काका तसेच उभे, एक पाय पुढे. सदऱ्याखाली त्यांची छाती वरखाली होत होती. मग त्यांनी तो पाय मागे घेतला, वळले, आणि मागे उभ्या असलेल्या भाईच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं.

"जा रे," ते म्हणाले, "तुका हाक मारतत."